तेर्वोंच्या दारातला बांध

सरोवराकाठच्या आमच्या गावात बर्फाचा सगळ्यात उंच बांध कुणाच्या दारात, असं कुणी विचारलं तर शाळेतली पोरंही सांगायची, तेर्वोंच्या. आणि गंमत अशी की काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, बर्फाची गाडी चालवायचा तो अर्विड तेर्वोच.

ही गाडी रस्त्यावरून गेली की तिचं पातं सगळा बर्फ कडेला लोटतं. रस्ता मोकळा होतो, पण कडेच्या प्रत्येक घराच्या वाटेवर एक आडवा बांध पडतो. तो नुसता भुसभुशीत बर्फ नसतो. रस्त्यावरचे गोळे, खडे, मीठ, सगळं कालवून घट्ट झालेलं असतं. तासाभरात उपसला नाही तर कुऱ्हाड घ्यावी लागते. बाकीचे ड्रायव्हर स्वतःच्या घराशी आले की पातं जरा उचलायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अर्विडने मात्र कधी उचललं नाही. "गाडी काउंटीची, डिझेल काउंटीचं. माझ्या दाराला वेगळा न्याय कशाला?" असं तो म्हणायचा. चर्चमध्ये लोक त्याचं कौतुक करायचे, आणि त्याची बायको एल्मा शेजारी बसून मान डोलवायची.

तो बांध उपसायचा कुणी, हे मात्र कुणी विचारलं नाही. अर्विड घरी यायचा तेव्हा त्याला बूट काढायचीही ताकद नसायची. तेव्हा बांध एल्माने उपसायचा. तीसेक हिवाळे उपसला, आणि उपसून झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन दोनशे पोरांचं जेवण केलं. तिचे दंड बघून गावातले लाकूडतोडेसुद्धा तिच्याशी जपून बोलायचे. तिची जीभही दंडांना साजेशीच होती.

ख्रिसमसच्या सकाळचा नाश्ता ही तिची दुसरी ख्याती. आमच्याकडे फिनिश घरांत निसू नावाचा वेलचीचा गोड पाव असतो. तो दोन दिवस शिळा करायचा, जाड कापायचा, लोणी लावलेल्या मोठ्या ट्रेमध्ये रचायचा, वर अंडी, दूध आणि साखर घोटून ओतायची आणि रात्रभर भिजू द्यायचं. सकाळी फक्त ओव्हनमध्ये सरकवायचं. आदल्या दिवशी सगळं उरकायचं कारण एकच. ख्रिसमसला बर्फ पडला तर अर्विड सकाळी सहाला येईल की अकराला, हे देवालाही ठाऊक नसायचं. तो दारात दिसला की ट्रे आत जायचा. तोवर पोरांनी झोपायच्या कपड्यांतच टेबलाभोवती बसून राहायचं. कुणी चमचा उचलायचा नाही. तेर्वो थांबतात, असं घरात म्हणायचे, आणि ते म्हणताना सगळ्यांच्या आवाजात थोडा तोरा असायचा.

अर्विड जाऊन चार वर्षं झाली. आता तीच गाडी आणि तोच रस्ता त्याच्या मुलाकडे, डेलकडे आहे. डेलही पातं उचलत नाही.

यंदा ख्रिसमसच्या आदल्या दिवशी पहाटेपासून बर्फ लागला होता. डेल कामावर निघताना बायकोला दोन्ही पोरांना घेऊन आईच्या घरी जायला सांगून गेला होता, म्हणजे नाश्ता सगळ्यांचा एकत्र होईल. त्याची बायको जेनेल स्वतःच्या छोट्या गाडीतून आली. पोरं आत जाऊन ख्रिसमसच्या झाडाखालच्या खोक्यांना कान लावून बसली. सात वर्षांची हॅडली धाकट्या ओवेनला कोणतं खोकं कुणाचं हे बजावत होती, आणि तो तिचं एक अक्षर ऐकत नव्हता.

स्वयंपाकघरात एल्माने निसूचे दोन पाव सुनेपुढे ठेवले. "बोटाएवढे जाड काप. तू नेहमी कागद कापल्यासारखे कापतेस."

"बरं, मुम्मू." मुम्मू म्हणजे आजी. पोरांचं ऐकून जेनेलही सासूला तसंच म्हणायची.

एल्माने तिच्याकडे पाहिलं. टोमणा मारला की जेनेलचं उत्तर ठरलेलं असायचं. ती सरोवरावरच्या लांब पुलाच्या दक्षिणेची, आम्ही त्यांना पुलाखालचे म्हणतो, आणि तीही आम्हाला बर्फात पुरलेले बटाटे म्हणायची. आज नुसतं बरं. शिवाय पोरांच्या बॅगा तिने गाडीतून उतरवल्याच नव्हत्या, हे एल्माच्या मघाशीच लक्षात आलं होतं.

"बॅगा गाडीतच राहिल्या तुझ्या," एल्मा म्हणाली.

जेनेलने सुरी खाली ठेवली. "राहिल्या नाहीत, ठेवल्यात. मी पोरांना घेऊन माझ्या आईकडे चाललेय. आजच."

"आज? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाहेर बघितलंस?"

"बघितलं. हा सरोवरावरून येणारा बर्फ आहे, काठालाच पडतो. पन्नास मैल पुढे गेलं की कोरडा रस्ता. हे तुम्हीच मला शिकवलंत."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे एल्माला जास्तच राग आला. "आणि डेल? उद्या सकाळी तो थकूनभागून येईल तेव्हा काय सांगू त्याला?"

"त्याला मी महिन्यापूर्वीच सांगितलंय. या एका ख्रिसमसला सुट्टी घे म्हटलं. त्याच्या कामावरचा रूडी ती पाळी घ्यायला तयार होता. एकटा माणूस, ना बायको ना पोर, स्वतःहून विचारायला आला होता. तर तुमचा मुलगा म्हणतो, तेर्वो ख्रिसमसला गाडी सोडत नाहीत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर एल्माला भांडणं सोपं गेलं असतं. "मुम्मू, बर्फ साफ करायला हवा हे मला कळतं. पण त्याला तो साफ करायला आवडतो, आणि आम्ही वाट बघत बसलेलंही त्याला आवडतं. गेली नऊ वर्षं मी खिडकीत उभी आहे. तुम्ही उभ्या राहिलात, तो तुमचा स्वभाव असेल. माझा नाही."

"परत कधी येणार?"

"ते मला अजून माहीत नाही."

एल्मा ओट्याला धरून उभी राहिली. येणारच नाही असं तर ही म्हणत नव्हती ना? पाच माणसांसाठी टेबल मांडून ठेवलेलं होतं. अर्विड गेल्यापासून या घरात वर्षभरात एवढी माणसं एकदाच जमायची. ही पोर पुलापलीकडे गेली की नातवंडांची तोंडं फोनवर बघायची, आणि तीही हळूहळू कमी होत जाणार. गावात अशी दोन-तीन घरं तिने पाहिली होती.

तेवढ्यात तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि आली ती फार सहज आली. डेलची गाडी दुपारच्या आधी या रस्त्याने येणार. बांध पडणार. पुलाखालच्या या सडपातळ पोरीला आयुष्यात तो बांध उपसता आला नव्हता, आणि तिची ती छोटी गाडी त्यावरून जाणं शक्यच नव्हतं. भांडायची गरज नव्हती. हिला फक्त थोडा वेळ अडकवायचं.

"जायचंय तर जा," एल्मा म्हणाली. "पण हे अर्धवट टाकून नको. अंडी फोडून दे. माझं मनगट दुखतंय."

मनगटाला काही झालं नव्हतं. जेनेलने घड्याळाकडे पाहिलं, आणि अंडी फोडायला घेतली. एल्माने दूध मुद्दाम मंद आचेवर कोमट केलं, जे कधीच करायची नाही. साखर दोनदा चाळली. वेलची आधीच पावात असूनही पुन्हा कुटायला बसली. "हळूहळू ओत. थोडं थोडं. पावाने पिऊ दे," असं म्हणत तिने सुनेला ट्रेवर वाकवून ठेवलं, आणि स्वतःचे कान रस्त्याकडे लावले.

गाडीचा आवाज आधी जमिनीतून येतो, मग कानात. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. पोरं ओरडत खिडकीकडे धावली. "पपा! पपाची गाडी!" केशरी दिवा बर्फात फिरताना दिसला, डेलने वडिलांसारखाच दोनदा भोंगा वाजवला, हॅडलीने काचेवर दोन्ही हात आपटले, आणि गाडी निघून गेली. वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा करडा बांध पडलेला होता.

जेनेलने तो पाहिला. क्षणभर खिडकीत उभी राहिली. मग परत ओट्याशी आली, खुंटीवरचा ॲप्रन घेतला, मागे गाठ मारली आणि विचारलं, "यावर झाकण कोणतं घालू?"

हे सगळं एल्माच्या मनासारखं झालं होतं. पण त्या ॲप्रनच्या गाठीवरून तिची नजर हलेना.

कारण अशीच गाठ तिने स्वतः एकदा मारली होती. डेल तेव्हा तीन वर्षांचा होता. ख्रिसमसचीच सकाळ होती, अर्विड आदल्या दुपारपासून बाहेर होता, आणि तिने डेलला आणि त्याच्या बहिणीला कोट चढवून गाडीत बसवलं होतं. स्वतःच्या बहिणीकडे जायचं ठरवलं होतं, मिनेसोटात, आणि परत यायचं ठरवलं नव्हतं. भांडण कसलंच नव्हतं. अर्विड चांगला माणूस होता, कधी आवाज चढवला नाही, दारू प्यायला नाही. फक्त तो घरात नसायचा, आणि असायचा तेव्हा झोपलेला असायचा. गाडी सुरू करून ती वाटेच्या तोंडाशी आली तर समोर बांध. नवऱ्याने अर्ध्या तासापूर्वीच घातलेला. ती बराच वेळ स्टिअरिंग धरून बसली. मग पोरांना घेऊन आत आली, ॲप्रन बांधला, आणि ट्रेवरचं झाकण नीट केलं. अर्विड आला तेव्हा पोरं टेबलाशी बसलेली होती. "थांबलात होय माझ्यासाठी?" म्हणून तो इतका खूश झाला होता की तिला तोंड उघडवलं नाही. पुढे तिने स्वतःलाही पटवून टाकलं की आपण थांबलो. पटवायला सोपं गेलं, कारण सगळं गाव तेच म्हणत होतं.

"मुम्मू? झाकण?"

"राहू दे झाकण," एल्मा म्हणाली, आणि बूट घालायला लागली.

पडवीतून तिने मोठं घमेलं काढलं, दोन्ही हातांनी ढकलायचं, लांब दांड्याचं. बर्फ डोळ्यांत जात होता. ती बांधाशी पोचली आणि नेहमीच्या सवयीने आधी वरचा थर कापायला लागली. वयाने तिला सोडलं नव्हतं. चार खेपांतच छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली.

जेनेल कोट न घालता धावत आली. "मुम्मू, काय करताय? तुमचं मनगट!"

"मनगटाला काही झालेलं नाही. खोटं बोलले मी. आत जा, कोट घाल."

"अहो पण कशाला उपसताय? डेल येईल उद्या, तो काढेल. मी राहतेय."

"राहतेयस की अडकलीयस?"

बर्फ जेनेलच्या केसांवर साठत होता.

"हे बघ पोरी," एल्मा दांड्यावर रेलून म्हणाली. "तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल. मी उद्या त्या टेबलाशी एकटी बसेन आणि तुला शिव्या घालेन, हे आत्ताच सांगून ठेवते. पण राहायचं की जायचं हे तू ठरव. बर्फाच्या ढिगाने ठरवायला नको. एकदा त्याने ठरवलं की पुढे आयुष्यभर कळत नाही, आपल्याला काय हवं होतं ते."

जेनेल तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

"कोट घाल म्हटलं ना!"

ती कोट घालून, डेलचं जुनं फावडं घेऊन परत आली. एल्माने तिला आधी वरून कसं कापायचं, मग पायथ्याशी कसं शिरायचं ते दाखवलं, दोनदा ओरडलीही. "चमचा धरल्यासारखं काय धरतेस?" "तुमच्यासारखे खांबासारखे हात नाहीत मला!" दोघी पाऊण तास राबल्या. हॅडली खिडकीतून सूचना देत होती, त्या सुदैवाने ऐकू येत नव्हत्या. वाट मोकळी झाली तेव्हा दोघींच्या तोंडून वाफ निघत होती.

जेनेल उघड्या वाटेकडे बघत उभी राहिली. एल्मा मनात म्हणत होती, राहा. आता तरी राहा, आता तुझ्या मनाने राहा. तोंडाने तिने एक शब्द काढला नाही, आणि तिच्यासारख्या बाईला ते बांध उपसण्यापेक्षा जड गेलं.

"मी जाते, मुम्मू," जेनेल म्हणाली.

"मग लवकर नीघ. रस्ता आत्ताच साफ झालाय. नवऱ्याने केलाय तुझ्या."

एल्माने ट्रेमधला अर्ध्याहून जास्त पाव दुसऱ्या भांड्यात काढला, वर घट्ट फडकं बांधलं, आणि गाडीच्या मागच्या बाजूला दोन बॅगांच्या मध्ये ते भांडं बसवलं. बरोबर थिंबलबेरीच्या जॅमची बरणी, उन्हाळ्यात झुडपांत शिरून जमवलेल्या रानफळांची, जी ती कुणाला देत नसे. ओवेनला कळलंच नाही काय चाललंय. हॅडलीला कळलं. तिने आजीला घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "पपाला सांगितलं?"

"सांगेन," एल्मा म्हणाली.

संध्याकाळी जेनेलचा सुखरूप पोचल्याचा निरोप आला. तिने डेललाही तसाच कळवला होता. एल्माने एकटीपुरता सौना, म्हणजे वाफेने न्हायची खोली, तापवला, अर्ध्यातच बाहेर आली, आणि ठरवल्याप्रमाणे सुनेला शिव्या घातल्या. मग थोडी रडलीसुद्धा.

ख्रिसमसच्या सकाळी बर्फ थांबला होता. साडेनऊला डेल आला. डोळे लाल, दाढीत बर्फ. तो स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. ट्रेमध्ये उरलेल्या पावाचा एक कोपरा कापून काढलेला होता. एल्मा टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोरची बशी पुसून खाल्लेली होती.

"तू खाल्लंस?" डेल म्हणाला.

"खाल्लं."

"थांबली नाहीस?"

"नाही."

तो खुर्चीत बसला. एवढा मोठा बाप्या, पण चेहरा त्या तीन वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "जेनेल गेली. संध्याकाळी मेसेज आला. पण बांध कसा... काल मी इथून गेलो तेव्हा तिची गाडी आत होती. ती कशी निघाली?"

"मी उपसला."

"मा!"

"ओरडू नकोस. तुझ्या वडलांचा पण उपसायला हवा होता, वेळेवर." आणि मग तिने त्याला ती जुनी सकाळ सांगितली. कोट, गाडी, बहीण, मिनेसोटा. सगळं सरळ सांगितलं, कुठेही गोड केलं नाही. डेल टेबलावरच्या चमच्याकडे बघत ऐकत होता.

"मला आठवतंय," तो म्हणाला. "मला गाडीत थंडी वाजत होती. मला वाटायचं आपण बाबांना शोधायला निघालो होतो."

एल्माने त्याच्यापुढे बशी सरकवली.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. आम्ही दोघं सुखात होतो असं सगळे म्हणतात, आणि बऱ्याच अंशी होतोही. पण त्यांनी एकदा विचारायला हवं होतं रे, की एल्मा, तुला कसं वाटतं. पातं एकदा उचललं असतं तर काउंटी बुडाली नसती."

डेलने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग फोन काढला. आधी रूडीला लावला. "रूडी, आजची आणि उद्याची पाळी... हो, अजून घेशील? ... नाही, कुणी मेलं नाहीये." मग बायकोला. एल्मा उठून सिंककडे गेली, पण कान तिकडेच होते.

"मी आहे. ... हो. मा बोलली सगळं. ... दोन तास झोपतो आणि निघतो. ... नाही, तुला आणायला नाही. बसून बोलायला. तू म्हणशील तर परत जाईन. ... चालेल, मग बघू. चालेल." बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. मग त्याने फोन आईकडे धरला. "हॅडली आहे. ऐकत नाहीये. तिकडे नाश्ता ओव्हनमधून बाहेर काढून अर्धा तास झालाय आणि ती कुणाला हात लावू देत नाहीये. म्हणते, तेर्वो थांबतात."

एल्माने ओला हात ॲप्रनला पुसला आणि फोन घेतला. "हॅडली, खाऊन घे बाळा. थंड होईल."

"पण पपा आले नाहीत!" तिकडून करारी आवाज आला. "मुम्मू, तू थांबलीस ना?"

"नाही गं. मी खाल्लं."

हॅडलीला हे पचायला वेळ लागत होता. शेवटी तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "पपा यायच्या आधीच? मग कसं लागलं?"

एल्माने टेबलाकडे पाहिलं. आयुष्यभर तिने तो नाश्ता ओव्हनमधून काढला होता, वाढला होता, नवऱ्याच्या बशीत पुन्हा वाढला होता, पोरांची भांडणं सोडवली होती, आणि सगळे उठल्यावर उरलेला तुकडा सिंकपाशी उभ्याने खाल्ला होता.

"गरम होतं," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं, इतकं छान लागतं ते."